भाऊ शारजात, बहीण म्युनिकला. मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) कसं करावं?

तापीकाठ (भुसावळ)
राम राम मंडळी. रावेर तालुक्यातली बागायती जमीन विकायची आहे. वारस नोंद झालेली आहे, सातबाऱ्यावर आम्ही तिघं: मी, भाऊ (शारजा) आणि बहीण (म्युनिक). दोघांना खरेदीखताला येणं जमणार नाही, म्हणून माझ्या नावाने मुखत्यारपत्र करून पाठवतील. 500 चा स्टॅम्प पेपर इथून कुरियर करू का? आणि नोटरी पुरे, की दूतावासातच जायचं?

केळीबाग
स्टॅम्प पेपर पाठवायची गरज नाही. साध्या ए-फोर कागदावर करू द्या. परदेशात झालेला दस्त महाराष्ट्रात आल्यापासून 3 महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घेता येतो, मुद्रांक अधिनियमाचं कलम 18. तेवढ्यासाठी कुरियरचं पाकीट फेकू नका. कागद कधी आला याचा तुमच्याकडे तोच पुरावा. मग जळगावला मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज. सख्ख्या भावाला मोबदल्याशिवाय दिलेलं असल्याने 500 रुपये. हेच मित्राच्या किंवा एजंटच्या नावाने विक्रीच्या अधिकारासह केलं, तर खरेदीखताएवढं मुद्रांक शुल्क लागतं. तुमचं बरं आहे, भाऊच घेतोय.

पाटील_अमळनेर
दोघांनी तिकडे नोटरी करून अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून मिळणारं सरकारी प्रमाणपत्र) घ्यावं की. दूतावासाची रांग कशाला?

दस्तवाला
पाटील, इथेच गाडी अडकते. अपोस्टिल करारात भारत 2005 पासून आहे, पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतलेली आहे. त्यामुळे या दोन देशांत एकमेकांचं अपोस्टिल चालत नाही. युएई तर त्या करारातच नाही. म्हणजे दोघांनाही भारतीय वाणिज्य दूतावास: शारजावाल्याला दुबईचा, ताईंना म्युनिकचाच. नोंदणी अधिनियमाच्या कलम 33 मध्ये परदेशातल्या माणसासाठी नोटरीबरोबर भारतीय वाणिज्य दूताचंही नाव आहे, शिवाय त्याचा शिक्का इथे सगळे ओळखतात.

सही घरून करून नेऊ नका. वाणिज्य दूतावास मजकुराची खात्री देत नाही, फक्त 'हीच व्यक्ती, हीच सही' एवढं प्रमाणित करतो. आधी केलेली सही असेल तर परत पाठवतात. प्रत्येक पानावर सही, पहिल्या पानावर फोटो, फोटोवर अर्धा येईल असा शिक्का. दोन साक्षीदार मूळ पासपोर्टसह. अर्ज दूतावासाने नेमलेल्या बाहेरच्या केंद्रामार्फत असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच त्यांची कागदपत्रांची यादी वाचा, ती ठिकाणानुसार बदलते. ताईंकडे जर्मन पासपोर्ट असेल तर ओसीआय कार्डही (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) न्यावं.

तापीकाठ
ताईचं नाव सातबाऱ्यावर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं. भावाच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव 'सुकदेव', सातबाऱ्यावर 'सुखदेव'.

दस्तवाला
हेच बघा, मुखत्यारपत्र यातच जास्त अडकतं. मजकुरात दोन्ही नावं 'उर्फ' लावून लिहा, ताईंचा विवाह दाखला जोडा. 'सुकदेव' आणि 'सुखदेव' एकच व्यक्ती, असं मुखत्यारपत्रातच एका वाक्यात येऊ द्या. म्युनिकहून कागद पुन्हा करून आणण्यात महिना जातो.

मसुदा इंग्रजीत ठेवा, म्हणजे तिकडे अडत नाही. पण मौजे, गट नंबर, क्षेत्र, आकार (शेतसारा), चतुःसीमा ताज्या सातबाऱ्यावरून जशाच्या तशा उतरवा. 'माझी सर्व मालमत्ता' असं मोघम नको, विशिष्ट मुखत्यारपत्रच करा. त्यात चार अधिकार वेगवेगळे लिहा: विक्री ठरवणं, खरेदीखतावर सही, दुय्यम निबंधकांसमोर दस्त सादर करून कबुली देणं (दस्त आपणच करून दिला असं सांगणं), आणि फेरफारासाठी तलाठ्याकडे अर्ज. 'कबुली'चा उल्लेख विसरतात, मग नोंदणीच्या खिडकीवर वाद.

केळीबाग
पैशाचं कलमही लिहा. ज्याचा त्याचा हिस्सा ज्याच्या त्याच्या एनआरओ खात्यात (अनिवासींचं भारतातलं रुपयातलं बँक खातं) गेलेला बरा, तुमच्या खात्यातून फिरवू नका. आणि घेणारा भारतात राहणारा भारतीय नागरिक आणि शेतकरी असावा. अनिवासी माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही.

दस्तवाला
खरेदीखताच्या दिवशी तुम्हाला एक घोषणापत्रही द्यावं लागेल: देणारे दोघं हयात आहेत, मुखत्यारपत्र रद्द केलेलं नाही. त्याच सकाळी दोघांना एक फोन करून घ्या, आणि मूळ प्रत सोबत न्या, झेरॉक्सवर काम होणार नाही.