मदत हवी आहे: आईच्या मणक्यात स्क्रू टाकायचे की नुसती नस मोकळी करायची?

शेवरी:
लवकर उत्तर हवंय. आईचा एमआरआय झाला. एल४-एल५ ला (कमरेचे चौथा-पाचवा मणके) मणका पुढे सरकलाय, ग्रेड १ म्हणजे थोडाच, आणि कॅनाल, म्हणजे नसांचा मार्ग, अरुंद झालाय, रिपोर्टमध्ये 'सिव्हियर' लिहिलंय. दोन सर्जनना दाखवलं. पहिले म्हणाले नस मोकळी करायची आणि चार स्क्रू, दोन रॉड टाकून मणके जोडून टाकायचे. दुसरे म्हणाले स्क्रूची गरजच नाही, छोट्या छेदातून नस मोकळी करू. दोघंही अनुभवी, दोघंही ठाम. एकाच एमआरआयवरून दोन उलटी उत्तरं येतातच कशी? पहिल्यांनी तारीख दिलीय, परवापर्यंत हो-नाही कळवायचंय. ऑपरेशन करू नका, व्यायाम करा, असं कृपया कुणी लिहू नका. ते सगळं वर्षभर करून झालंय. स्क्रू की बिनस्क्रू, एवढंच सांगा.

कातळ:
एवढ्यावरून कुणालाच सांगता येणार नाही. वय काय? दुखणं कमरेत जास्त की पायात? किती मिनिटं चालू शकतात? बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर पाय मोकळा होतो का? हाडांची घनता तपासलीय का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, उभ्याने पुढे वाकून आणि मागे झुकून काढलेले एक्सरे आहेत का? एमआरआय झोपवून काढतात. झोपल्यावर सरकलेला मणका बरेचदा थोडा मागे जातो, त्यामुळे तो किती हलतो हे त्यात नीट कळत नाही. मी फिजिओ आहे, ऑपरेशन झालेले दोन्ही प्रकारचे लोक रोज बघते, म्हणून विचारतेय.

ध्रुवतारा:
ताई, घाई करू नका. मला ३४व्या वर्षी डिस्क (दोन मणक्यांमधली गादी) सरकून डाव्या पायात इतकी कळ यायची की मी जेवायचोसुद्धा उभ्याने. ऑपरेशन सांगितलं होतं, मी थांबलो, चार महिन्यांत पाय मोकळा झाला. नेदरलँड्समधल्या २८३ रुग्णांचा अभ्यास २००७ साली आला होता. लवकर ऑपरेशन केलेले साधारण ४ आठवड्यांत सावरले, थांबलेल्यांना १२ आठवडे लागले, पण वर्षअखेर दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरे झालो असंच म्हणत होते. बाहेर आलेली डिस्क शरीर स्वतः जिरवतं. माझ्या दुसऱ्या एमआरआयमध्ये ती दिसलीच नाही.

अनवट:
ध्रुवतारा, तुमची माहिती बरोबर आहे, पण ती या दुखण्याची नाही. डिस्कचा बाहेर आलेला गर शरीर शोषून घेतं. यांच्या आईच्या कॅनालमध्ये जाड झालेलं लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा) आहे, सांध्यांचं वाढलेलं हाड आहे, वरून मणका सरकलाय. हाड असं विरघळत नाही. आणि त्या अभ्यासातही थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना पुढे ऑपरेशन करावंच लागलं होतं, तेवढंही लिहायला हवं होतं.

ध्रुवतारा:
मान्य. पण एमआरआयच्या रिपोर्टला घाबरून लोक उगाच टेबलावर जातात, ते मला सांगायचं होतं. काहीही न दुखणाऱ्या ३,११० माणसांचे स्कॅन एकत्र करून २०१५ साली आढावा आला होता. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या डिस्क झिजलेल्या निघाल्या.

शेवरी:
आईला दुखतंय हो! रिपोर्ट वाचून घाबरलेली नाही ती. वय ६७. दुखणं पायात जास्त, डाव्या. दहा मिनिटं चालली की पोटरीत भरून येतं, मग कठड्याला टेकून वाकून उभी राहते आणि दोन मिनिटांनी पुन्हा निघते. ढकलगाडी हातात असली की मात्र बरीच चालते. वाकून काढलेले एक्सरे कुणी सांगितलेच नाहीत. हाडांची तपासणी कशाला, हाड मोडलेलं नाहीये. आता सांगा, स्क्रू की नाही?

दवबिंदू:
स्क्रू टाकून घ्या. माझं सहा वर्षांपूर्वी झालंय, तुमच्या आईसारखंच, एल४-एल५ ग्रेड १. पहिले तीन महिने अवघड गेले, कूस बदलताना अंथरुणाची कड धरावी लागायची. पण आज तासभर चालते. सरकणारा मणका मोकळा करून तसाच सोडला तर तो आणखी सरकणार, आणि पुन्हा ऑपरेशन. एकदाच काय ते होऊन जाऊ दे. ६७व्या वर्षी भूल सोसवते, ७३व्या वर्षी तेवढी सोसवेलच असं नाही.

अनवट:
दवबिंदू, तुमचं छान झालं याचा आनंद आहे. पण 'आणखी सरकणारच' हे गृहीत धरण्याइतका पुरावा नाही.

शेवरी, तुमच्या आईच्या दोन सर्जनमधला हा वाद निदान १९९१ पासून चालू आहे. तेव्हा ५० रुग्णांच्या एका अभ्यासात नुसती नस मोकळी करण्यापेक्षा सोबत हाडाचे तुकडे घालून मणके जुळवलेले लोक बरे निघाले, आणि फ्युजन, म्हणजे मणके जोडून टाकणं, ही जवळजवळ रीतच पडली. पुढे १९९७ साली स्क्रू टाकून आणि न टाकता केलेलं फ्युजन समोरासमोर ठेवलं गेलं. स्क्रूवाल्यांत ८२ टक्के लोकांचं हाड जुळलं, स्क्रूशिवाय फ्युजन केलेल्यांत ४५ टक्के. इतका फरक, तरी दोन वर्षांनी रुग्णांना किती आराम पडला यात मात्र फरक दिसला नाही. मला हा आकडा फार बोलका वाटतो. एक्सरे छान दिसणं आणि माणूस सुखाने चालणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

मग २०१६ च्या एप्रिलमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या एकाच अंकात दोन अभ्यास आले. स्वीडनचा २४७ रुग्णांचा: फ्युजन जोडून जास्तीचा फायदा नाही, रक्तस्राव जास्त, दवाखान्यातला मुक्काम जास्त. अमेरिकेचा ६६ रुग्णांचा: फ्युजनवाल्यांची शारीरिक क्षमता थोडी सरस. २०२१ साली नॉर्वेने २६७ रुग्णांवर पुन्हा तपासलं. ठरवलेल्या मापाइतकी सुधारणा नुसती नस मोकळी केलेल्यांत ७१.४ टक्के, फ्युजनवाल्यांत ७२.९ टक्के. म्हणजे बरोबरीच. तुमचे दोन डॉक्टर कदाचित यातले वेगवेगळे निकाल मनात धरून बोलत असतील.

दवबिंदू:
अमेरिकेच्या अभ्यासातला अर्धाच निकाल सांगितलात. चार वर्षांत फ्युजनवाल्यांपैकी १४ टक्के लोकांचं पुन्हा ऑपरेशन झालं, नुसती नस मोकळी केलेल्यांपैकी ३४ टक्के. मला माझ्या सर्जनने हेच दाखवलं होतं. तिघांत एक! ज्याच्या घरी दुसऱ्यांदा तो कागद सहीला येतो त्याला हा आकडा विचारा.

अनवट:
आकडा खरा आहे, मी तो गाळायला नको होता. पण ६६ जणांत एकदोन माणसं इकडची तिकडे झाली की टक्के हलतात. नॉर्वेत दोन वर्षांत पुन्हा ऑपरेशनचं प्रमाण नुसती नस मोकळी केलेल्यांत १२.५ आणि फ्युजनवाल्यांत ९.१ टक्के होतं. इतकी दरी नाही.

कातळ:
तुम्ही दोघं आकड्यांवर भांडताय, पण ऑपरेशन एकाच जातीचं नव्हतं. त्या अमेरिकन अभ्यासात मणक्याची मागची हाडाची कमान पूर्ण काढली होती, सांध्याचाही आतला भाग थोडा काढला होता. नॉर्वेत मधलं हाड आणि त्याचं लिगामेंट राखून, बाजूने शिरून नस मोकळी केली. मागचा आधार जितका शाबूत राहील तितकी मणका सैल पडण्याची भीती कमी असणार, असं मला तरी वाटतं. म्हणून शेवरी, दुसऱ्या डॉक्टरांना 'बिनस्क्रू' म्हणजे नेमकं काय काढणार आणि काय ठेवणार, हे विचारा.

आणि हाडांची तपासणी मोडलेल्यासाठी नाही हो. साठीनंतर बायकांची हाडं ठिसूळ असली तर स्क्रूची पकड सैल पडते. ते आधी माहीत हवं.

उंबरठा:
ठिसूळ हाडांवरून आठवलं, मणक्यात सिमेंट भरतात ते करून घ्या. टाके नाहीत, दुसऱ्या दिवशी घरी. माझ्या सासूबाईंना लगेच आराम पडला.

अनवट:
ते दबून मोडलेल्या मणक्यासाठी असतं. अरुंद कॅनालवर त्याचा काही उपयोग नाही. आणि फ्रॅक्चरमध्येसुद्धा २००९ साली दोन अभ्यासांत सिमेंट न भरता नुसतं तसं भासवलेल्या गटाला जवळपास तेवढाच आराम पडला होता, त्यावर अजून वाद चालू आहे.

उंबरठा:
सासूबाईंना आराम पडला, तो खोटा कसा म्हणता? रात्री कण्हायच्या त्या थांबल्या. मी शेजारच्या खोलीत झोपते, मला माहीत आहे.

कातळ:
उंबरठा, त्यांना बरं वाटतंय हे महत्त्वाचंच, पण या धाग्यात नको. शेवरी, मघाशी एक विचारायचं राहिलं. आईला भिंतीला हात लावून नुसत्या टाचांवर चालायला सांगा, चवडे वर उचलून. डावा चवडा उजव्याइतकाच उचलला जातो का? लघवीला त्रास, किंवा बसतो त्या जागी बधिरपणा आहे का?

शेवरी:
लघवीचं सगळं ठीक आहे, आत्ताच विचारलं, बधिरपणाही नाही. टाचांवर चालवून बघितलं, डावा चवडा उचललाच जात नाही, खाली आपटतो. आता आठवतंय, गेल्या दोन-तीन आठवड्यांत तिची डावी चप्पल सारखी निसटते. परवा जिन्यात चप्पल दोन पायऱ्या मागे राहिली आणि तिला पत्ताच नाही, तशीच वर गेली. आम्हाला वाटलं पट्टा सैल झालाय, म्हणून नवीन चप्पल आणली. तीही निसटते.

कातळ:
हे पहिल्या ओळीत हवं होतं! दोन्ही डॉक्टरांना सांगितलंय का? वर्षभराचं दुखणं वेगळं आणि तीन आठवड्यांत पाऊल कमजोर होणं वेगळं. एल४-एल५ ला जी नस दबते तीच बहुधा पाऊल आणि अंगठा वर उचलते. स्क्रूचा वाद दोन दिवस बाजूला ठेवा. उद्या सकाळी फोन करून 'पाऊल पडायला लागलंय' एवढे शब्द सांगा. लघवी अडली, कळेनाशी झाली किंवा बसायची जागा बधिर झाली तर सकाळचीही वाट बघू नका, रात्रीच इमर्जन्सीत न्या.

दवबिंदू:
कातळ म्हणतायत तेच करा. स्क्रू असो नसो, नस मोकळी करायचीय यावर तुमचे दोन्ही डॉक्टर एकमताचे आहेत.

ध्रुवतारा:
थांबा म्हणालो होतो ते मागे घेतो. माझ्या पायात ताकद पूर्ण होती, हा फरक माझ्या लक्षात आला नाही.

शेवरी:
चार दिवसांनी लिहितेय. दुसऱ्याच दिवशी दोघांनाही दाखवलं. दोघांनी आईच्या अंगठ्यावर बोट दाबून तो वर उचलायला लावला, डावा लगेच खाली गेला. मग एक्सरे झाले. वाकताना आणि मागे झुकताना मणका फारसा हलत नाही. हाडांच्या घनतेचा आकडा, टी-स्कोअर, मात्र उणे २.९ आला, म्हणजे ठिसूळच.

पहिल्या डॉक्टरांना मी सरळ विचारलं, स्क्रूचा आग्रह का? त्यांनी चिडून नाही, शांतपणे सांगितलं की त्यांचे बिनस्क्रूचे काही रुग्ण पुन्हा त्रास घेऊन आले, तेव्हापासून ते जोडूनच टाकतात. पण नवे एक्सरे आणि हाडांचा रिपोर्ट बघून म्हणाले, यांच्या बाबतीत दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं. दुसरे डॉक्टर मधलं हाड राखूनच करणार आहेत. पुढे कधी मणका सरकला तर फ्युजन लागू शकतं, हे त्यांनी कागदावर लिहून दिलं आणि आम्ही समजून सही केली. दवबिंदू, तुमचा ३४ टक्क्यांचा आकडा मी त्यांच्यासमोर ठेवला होता. उद्या सकाळी पहिली केस आईची आहे.

एकच विचारायचंय. पावलात ताकद किती दिवसांत येते?

कातळ:
पायाची कळ बऱ्याचदा लवकर हलकी होते. ताकद हळू येते, महिने लागतात, आणि थोडी कमजोरी कायमची राहूही शकते. तीन आठवडेच झालेत ही त्यातल्या त्यात चांगली बाजू. पाऊल उचलेपर्यंत घोट्याला आधार देणारी पट्टी मिळते, ती आधीच मागवून ठेवा. त्या निसटणाऱ्या चपला आजच काढून टाका आणि मागून बंद, पट्ट्याचे बूट घ्या. ऑपरेशननंतर पडणं परवडणार नाही.

दवबिंदू:
उद्या सकाळी आठवण काढेन. बाहेर आल्यावर आधी अंगठा हलवायला सांगा, आणि इथे कळवा.