मोटरवेवर व्हॅनने कट मारला, आता इन्शुरन्सवाले ५०-५० म्हणतायत, मान्य करायचं का?

मृण्मयी_के:
मंडळी, डोकं नुसतं भणभणलंय, यातलं कोणाला माहीत असेल तर प्लीज सांगा. गेल्या महिन्यात इथे इंग्लंडमध्ये एम ४० मोटरवेवर बॅनबरीच्या एक्झिटच्या जरा आधी आमचा अ‍ॅक्सिडेंट झाला. मी डावीकडच्या पहिल्या लेनमध्ये साठच्या आसपास सरळ चालले होते, एक पांढरी व्हॅन मधल्या लेनमधून मला ओव्हरटेक करत होती, आणि ती एक्झिटची तीन तिरक्या रेघांची पाटी येते ना, तिथे त्याला बहुतेक एकदम कळलं की आपल्याला इथेच उतरायचंय, त्याने इंडिकेटर न देता सरळ माझ्या अंगावर गाडी घातली. माझा उजवा आरसा, पुढचं मडगार्ड, हेडलाइट सगळं गेलं. लागलं कोणालाच नाही हे नशीब. हार्ड शोल्डरवर, म्हणजे कडेच्या थांबायच्या पट्टीवर, थांबलो तेव्हा व्हॅनवाला स्वतः म्हणाला की सॉरी, तू दिसलीच नाहीस. नाव, नंबर, इन्शुरन्स सगळं नीट दिलं, मी फोटोही काढले.

आणि आता त्याच्या इन्शुरन्सकडून पत्र आलंय की तो आधीपासून पहिल्या लेनमध्येच होता आणि मीच मागून येऊन ठोकलं! माझ्याकडे डॅशकॅम नाही. शेजारी नवरा होता पण तो घरचाच माणूस, त्याच्या सांगण्याला फारसं वजन नाही म्हणे. आमच्या इन्शुरन्सची बाई फोनवर म्हणाली की तुमचा शब्द विरुद्ध त्यांचा शब्द आहे, ५०-५० करून फाइल बंद करू. चूक काडीचीही नसताना अर्धा दोष मी का घ्यायचा? नाही म्हटलं तर कोर्टाची पायरी चढावी लागेल का?

सह्याद्री_वारा:
ताई, राग येणं साहजिक आहे पण मी तुमच्या जागी असतो तर घेऊन मोकळा झालो असतो. डॅशकॅम नाही, साक्षीदार नाही, महिनोनमहिने ईमेल-फोन करत बसायचं आणि शेवटी तेच. नो-क्लेम (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारं डिस्काउंट) प्रोटेक्टेड असेल तर फार फरक पडणार नाही, झोप उडवून घेण्यात काय अर्थ आहे?

क्लेम_डेस्क_माजी:
सह्याद्रीभाऊ, मी मोटर क्लेम्समध्ये बरीच वर्षं काम केलंय आणि मला हे अजिबात पटत नाही. प्रोटेक्टेड नो-क्लेम म्हणजे फक्त डिस्काउंटचे टक्के राखले जातात, मूळ प्रीमियम वाढायचा तो वाढतोच. ५०-५० झालं की क्लेम बहुतेक वेळा ‘फॉल्ट’मध्येच, म्हणजे तुमच्या चुकीचा म्हणून, धरला जातो, कारण कंपनीचे पूर्ण पैसे समोरच्याकडून वसूल झाले का एवढंच ते बघतात. आणि पुढची काही वर्षं दुसरीकडे कोट घेताना तो सांगावाही लागतो, बहुतेक कंपन्या मागच्या ५ वर्षांचं विचारतात. हा सगळा भार चूक नसलेल्या माणसाने का उचलायचा?

मृण्मयी, आधी एक लक्षात घ्या, ५०-५० हा निकाल नाही, प्रस्ताव आहे. फोनवर हो-नाही काहीच म्हणू नका, ‘मला मान्य नाही, कारणं लेखी पाठवते’ एवढंच ईमेलने कळवा. तुमचे हँडलर, म्हणजे कंपनीत क्लेम बघणारी माणसं, एकाच वेळी ढीगभर फाइल्स बघत असतात, ज्या फाइलमध्ये नुसता ‘त्याची चूक आहे हो’ असा संताप असतो ती ५०-५० ला जाते, आणि जिच्यात कोणी बसून नीट मांडणी केलेली असते ती लढवली जाते, हे मी रोज बघत होतो.

आता खरा मुद्दा. तुमचं नुकसान उजव्या बाजूला आहे आणि तो म्हणतो मागून ठोकलं. मागून ठोकलं असतं तर तुमचा पुढचा बंपर, नंबरप्लेट, बॉनेट गेलं असतं आणि त्याचे मागचे दरवाजे चेपले असते. आरशाला धक्का लागायला दोन्ही गाड्या शेजारी-शेजारी असाव्या लागतात. म्हणून मला सांगा, आरसा कुठल्या दिशेने वळलाय? पुढे की मागे? आणि त्याच्या व्हॅनला मार कुठे बसलाय?

मृण्मयी_के:
आत्ता फोटो झूम करून पाहिले! आरसा पुढच्या बाजूला उलटा वळलाय, काच वायरवर लोंबतेय. दारापासून हेडलाइटपर्यंत ओरखडा आहे, दाराशी अगदी बारीक आणि पुढे पुढे खोल होत गेलाय, त्यात काळं प्लास्टिकही घासलंय. त्याच्या व्हॅनची मागची दारं स्वच्छ आहेत, खरवड आहे ती डाव्या कुशीवर, मागच्या चाकाच्या वर.

क्लेम_डेस्क_माजी:
अहो मग तुमची केस चांगलीच मजबूत आहे! आरसा पुढे वळला म्हणजे व्हॅन तुमच्या मागून पुढे, तुमच्यापेक्षा जास्त वेगाने जाताना घासली. तुम्ही मागून जोरात आला असतात तर तोच आरसा मागे दुमडला असता. ओरखडाही तेच सांगतोय, दाराशी नुसता स्पर्श आणि तो आत घुसत गेला तसा खोल. हे जसंच्या तसं लिहा, प्रत्येक वाक्यासमोर फोटोचा नंबर टाका, आणि लेन, पाटी, दोन्ही गाड्या दाखवणारं साधं हाताने काढलेलं चित्र जोडा. हायवे कोडचा (इथल्या वाहतूक नियमांच्या अधिकृत पुस्तकाचा) नियम १३३ पण टाका, लेन बदलताना दुसऱ्याला वेग किंवा दिशा बदलायला लागू नये याची खात्री बदलणाऱ्याने करायची असते. हायवे कोड मोडणं हा आपोआप गुन्हा नसला तरी १९८८ च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टच्या कलम ३८ प्रमाणे दायित्व ठरवताना त्याचा आधार घेता येतो. ‘सॉरी’चंही लिहा, त्याचे नेमके शब्द, पण सगळी भिस्त त्यावर नको, ते तो नाकारेल. आणि गॅरेजला आजच सांगा की जुना आरसा आणि मडगार्ड फेकू नका.

लेन_दोन:
फोटोंमध्ये मागे एखादी लॉरी वगैरे दिसतेय का बघा ना. इथल्या बऱ्याच लॉऱ्यांना कॅमेरे असतात आणि कंपनीचं नाव बाजूला मोठ्ठं लिहिलेलं असतं. माझ्या भावाच्या केसमध्ये असंच फुटेज मिळालं आणि समोरच्याने दोन ओळींच्या पत्रात सगळी चूक कबूल केली. पण फुटेज ओव्हरराइट होतं, महिना झालाय म्हणजे चान्स कमी, तरी आजच फोन करा. मोटरवेच्या खांबांवरच्या कॅमेऱ्यांवर मात्र आशा ठेवू नका, ते मुख्यतः लाइव्ह बघायला असतात, बहुतेक रेकॉर्डिंग होतच नाही.

सह्याद्री_वारा:
आरशाचं वाचून मत बदललं, लढा ताई. पण कंपनीने ऐकलंच नाही तर?

क्लेम_डेस्क_माजी:
कंपनीला सेटल करायचा अधिकार पॉलिसीतच असतो, तुमची सही लागेलच असं नाही, हे कटू आहे पण खरं आहे. पण पुरावा न बघता सेटल केलं तर औपचारिक तक्रार करायची. त्यांना अंतिम उत्तर द्यायला ८ आठवडे असतात, ते पटलं नाही तर उत्तराच्या तारखेपासून ६ महिन्यांत फायनान्शियल ओम्बड्समनकडे (इन्शुरन्स, बँका यांच्याविरुद्धच्या तक्रारी बघणारी स्वतंत्र संस्था) जायचं, ते फुकट आहे. फक्त ओम्बड्समन चूक कोणाची हे ठरवत नाही, कंपनीने नीट तपास करून निर्णय घेतला का हे बघतो. म्हणूनच तुमची मांडणी आधी लेखी गेलेली हवी, ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ म्हणायला जागा राहता कामा नये.

शिवाय पॉलिसीत लीगल कव्हर घेतलंय का बघा, लोक वीस-तीस पाउंड भरून घेतात आणि विसरतात. ते असेल तर एक्सेस (क्लेममधला आपण भरायचा ठरलेला हिस्सा) यासारखे स्वतःच्या खिशातून गेलेले पैसे समोरच्याकडून मागायला वकील मिळू शकतो. नसेल तर इंग्लंडमध्ये १०,००० पाउंडांपर्यंतचा नुकसानीचा दावा स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या सोप्या कोर्ट-प्रक्रियेत, स्वतः करता येतो, मुदत ६ वर्षं आहे. कंपनीला आत्ताच लिहा की माझ्या स्वतःच्या दाव्याला बाधा येईल असं काही माझ्या नावावर सेटल करू नका.

लेन_दोन:
आणि ‘तुमची चूक नाही, फुकट गाडी देतो’ असे फोन येत असतील तर सही करायच्या आधी नीट वाचा. ती क्रेडिट हायर असते, भाडं तुमच्या नावावर चढत जातं, आणि दोष अर्धा जरी तुमच्यावर आला तरी उरलेल्या भाड्यासाठी ते तुमच्याकडे येऊ शकतात.

मृण्मयी_के:
बापरे, असा फोन कालच आला होता, त्याला नाही म्हणून कळवते. एका फोटोत दूर एक हिरवी लॉरी दिसतेय, नाव अर्धवट वाचता येतंय, नवरा शोधतोय. ईमेलचा मसुदा रात्री इथे टाकते, क्लेम_डेस्क, एकदा नजर टाकाल का?

क्लेम_डेस्क_माजी:
नक्की टाका. फक्त व्हॅनवाल्याचं नाव, गाडीचा नंबर, क्लेम नंबर काढून टाका.