छोटा चाकू आणि आपलीच बोटं

‘वापरायची वेळ नाही आली तरी पर्समध्ये छोटा चाकू असला की धीर येतो’, असं स्वसंरक्षणासाठी पर्समध्ये काय ठेवावं या चर्चेत कुणीतरी म्हटलंय. धीर येतो हे मान्य, पण तो किती वेळ टिकतो ते मी सरावात पाहिलंय. स्वसंरक्षणाच्या वर्गात आम्हाला चाकूऐवजी मार्कर दिले होते, अंगात पांढरे टी-शर्ट. मी पर्समधून मार्कर काढून टोपण उघडेपर्यंत समोरच्याने माझं मनगट धरलंसुद्धा! दुसऱ्या खेपेला मार्कर आधीच हातात होता. झटापट संपली तेव्हा त्याच्या शर्टावर दोन रेघा, माझ्या हातांवर आणि पोटावर मिळून सात. बऱ्याचशा माझ्याच मार्करच्या. डेनिस ट्युलर या अमेरिकन पोलीस प्रशिक्षकाने १९८३ मध्येच लिहून ठेवलंय की धावत येणारा माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. दीड सेकंदात पर्सची चेनसुद्धा धड उघडत नाही.

आणखी एक, ज्याबद्दल या चर्चेत कुणीच बोललं नाही. छोट्या घडीच्या चाकूंपैकी बऱ्याच चाकूंना लॉक नसतं. पातं हाडावर किंवा बकलवर आपटलं की ते उलटं मिटतं, थेट आपल्या बोटांवर. मुठीपुढे आडवी पट्टी नसेल तर ओला हात पात्यावर घसरतो. बोट वाकवणारी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तुटली तर ती आपसूक जुळत नाही, शस्त्रक्रिया आणि पुढे कित्येक आठवडे व्यायाम. मी आता पर्सच्या पट्ट्याला बाहेरून पिन ओढली की जोरात वाजणारा अलार्म लावलाय. तो शोधावा लागत नाही, उघडावा लागत नाही.