कळलं कुठून आणि मग काय केलंत? – शहराच्या कामात पडल्याचे अनुभव

परवा लिफ्टमध्ये शेजारचे काका म्हणाले, "अगं, त्या अंदाजपत्रकाच्या अर्जाची मुदत संपली की कालच." मला हे दरवर्षी कालच संपलेलं असतं. पुण्यात २००६ पासून नागरिकांना आपल्या भागातली छोटी कामं महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात. पदपथ, बाक, दिवे, बसथांब्याचं छप्पर असली कामं. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा. बारा वर्षं या शहरात राहतेय, एकदाही दिलेला नाही.

तर प्रश्न साधा आहे. तुम्ही शहराच्या एखाद्या कामात पडला असाल, तर त्याची खबर तुम्हाला लागली कुठून आणि पुढे काय झालं? फसलेलंही लिहा. नुसत्या शिव्या घालायच्या असतील तर चहाची टपरी आहेच.

दोन नंबरची काकू

तुझ्या त्याच अर्जाबद्दल. पहिल्या वर्षी मी झोकात लिहिलं, 'परिसरात ज्येष्ठांसाठी सोयी कराव्यात.' काही झालं नाही, आणि होणार तरी काय होतं? दुसऱ्या वर्षी आईबरोबर घरापासून मंडईपर्यंत चालले. ती कुठे थांबते, कुठे कठड्याला टेकते ते बघितलं. तिथल्या दिव्याच्या खांबावर रंगवलेला नंबर लिहून घेतला आणि अर्जात घातला: अमुक नंबरच्या खांबाशेजारी एक बाक. कनिष्ठ अभियंत्यांचा फोन आला, जागा बघायला आले. पुढच्या वर्षी बाक आला. आई आता तिथे बसून भाजी निवडते, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगते की हा माझा बाक आहे.

एक काम पाच लाखांच्या आत बसवायचं, हे ध्यानात ठेवा. उड्डाणपूल मागू नका.

शिरीष

शहर सांगत नाही. सकाळी कुत्र्याला फिरवत होतो. तो एका खोडाशी थांबला, म्हणून मीही थांबलो. खोडाला कागद डकवला होता. रात्रीच्या पावसाने शाई पसरली होती, तरी 'सात दिवसांच्या आत' एवढं वाचता आलं. रस्तारुंदीत ११ झाडं तोडायची होती आणि त्यावर हरकती मागवल्या होत्या. वृक्षतोडीचा कायदा १९७५ चा आहे. नोटीस पेपरात द्यावी लागते आणि झाडावरही लावावी लागते. पेपरात ती आली होती, टेंडरच्या जाहिरातींच्या गर्दीत. घरी तो पेपर येतो, पण ते पान आजवर मी पोहे खायला वापरलंय.

सातातले चार दिवस संपलेले. आम्ही संध्याकाळी ३८ सह्यांचं एक निवेदन केलं आणि खूश झालो. आवकजावक विभागातल्या बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "ही एकच हरकत धरतील हो. वेगवेगळी पत्रं द्या, आणि प्रत्येकाची पोच घ्या." मग माझ्या जेवणाच्या टेबलावर रात्री एकपर्यंत ३८ पत्रं. आठवीतल्या मुलीने नऊ जणांची लिहून दिली, त्यांनी खाली सह्या केल्या. त्यात एका आजोबांच्या पत्रात तिने कोकीळ घातली, आजोबांनी ती राहू दिली.

सुनावणीला आम्ही सहाच जण गेलो. बाकीच्यांना ऑफिस होतं, त्यांना दोष देत नाही. चार झाडं वाचली, सात गेली. ज्याच्या खोडावर तो कागद होता, तो शिरीष गेला. या नावाने लिहितोय ते त्याच्यासाठी.

ओला-सुका

शिरीष, वाचून गलबललं.

माझी बातमीदार म्हणजे आमचा कचरा नेणाऱ्या ताई. पुण्यात २००८ पासून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरोघर कचरा गोळा करते. ताईंना सगळं माहीत असतं. कुठली इमारत पाडायला निघालीय, कुठल्या गल्लीत पाइपलाइन खणणार, कुणाकडे पाहुणे आलेत. सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवसांनी येणारी बातमी त्या सकाळी साडेसातला दारात देतात.

एकदा त्या नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, ते पॅड तेवढं कागदात बांधून वर लाल ठिपका काढाल का? उघडं हातात येतं." त्यांच्या हाताकडे तोवर मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. आमची ४० घरं. वार्षिक सभेत मी विषय काढला, तर पुरुषमंडळी एकदम पार्किंगच्या मुद्द्यावर वळली. सेक्रेटरी म्हणाले, "हा लेडीजचा विषय आहे, बाहेर बोला." मग बाहेरच बोलले, चाळीसही दारांशी. सोबत जुने पेपर आणि लाल स्केचपेन. साधारण तीस घरं करतात. सेक्रेटरींच्या घरातून पहिल्या दिवसापासून ठिपका येतो, वहिनींनी त्यांना सांगितलेलं नाही एवढंच.

खंडूजीबाबा चौक, पहाटे ४

कॉलेजात असताना विसर्जन मिरवणुकीचा आवाज मोजायला जायचो. पुण्यातल्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकांत हे काम दरवर्षी करतात. बेलबागपासून खंडूजीबाबापर्यंत, ठरलेल्या वेळांना, रात्रभर. मला कसं कळलं? हॉस्टेलच्या मेसमध्ये एक सीनियर म्हणाला, "मीटर धरायला हात हवेत." बस.

नियमाने निवासी भागात रात्री ४५ डेसिबल, दिवसा ५५. आमचा आकडा शंभराच्या खाली आला की आम्ही यंत्रच तपासायचो. सगळ्यात गंमत म्हणजे ढोल-ताशावाली पोरं विश्रांतीला थांबली की धावत यायची. "किती आलं आमचं?" सांगितलं की टाळ्या. मागच्या पथकापेक्षा कमी आलं तर चेहरे पडायचे. आम्ही ध्वनिप्रदूषण मोजतोय आणि त्यांना वाटतंय स्पर्धा आहे!

दुसऱ्या दिवशी आकडे पेपरात यायचे. कान मात्र दोन दिवस वाजत राहायचे.

सोमवारचा माणूस

माहिती अधिकाराचा अर्ज बरेच जण जाणतात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, दीडशे शब्द, तीस दिवस. पण पुणे महापालिकेत सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फायली थेट बघायला मिळायच्या, अर्जाशिवाय. मला हे पंक्चर काढणाऱ्याने सांगितलं. त्याने स्वतः त्याच्या दुकानापुढच्या पदपथाची फाइल पाहिली होती. मी २०१४ साली गेलो. आमच्या रस्त्याच्या डांबरीकरणाचं मोजमाप-पुस्तक पाहिलं आणि परत येऊन टेपने रस्ता मोजला. जुळलं! इतका हिरमुसलो म्हणून सांगू.

घाटकोपरकर

@सोमवारचा माणूस 😀

मुंबईत ए. एल. एम. म्हणून प्रकार आहे, गल्लीतल्या लोकांनी मिळून गल्ली सांभाळायची. सुरुवात आमच्या घाटकोपरच्या जोशी लेनमधून, ९० च्या दशकात. मी आमच्या गल्लीच्या गटात आलो कारण माझं अक्षर चांगलं. पहिली पाच वर्षं फक्त इतिवृत्त लिहिलं. भांडणं वगळून लिहावं लागतं, त्यामुळे अर्ध्या पानात उरकतं.

बे एरियातली मराठी

कॅलिफोर्नियात नगर परिषदेच्या नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावीच लागते, तसा कायदा आहे. मला ती वाचनालयाच्या फळ्यावर दिसली. शाळेजवळच्या रस्ता ओलांडण्याच्या जागेबद्दल बोलायला गेले, तीन मिनिटं मिळाली. पाय लटपटत होते, दोन मिनिटांत संपलं. उरलेला एक मिनिट काय बोलावं सुचेना, म्हणून तीच वाक्यं पुन्हा म्हटली. आठ महिन्यांनी तिथे लुकलुकणारे दिवे लागले. माझ्यामुळेच असं नाही, माझ्या आधी एका ड्रायव्हरने तिथला खांब पाडला होता.

नाव नको

माझं फसलेलं. आम्ही प्रभागातल्या पाण्यासाठी नागरिक मंच काढला. दर रविवारी शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी घालून बसायचो, तीस-चाळीस लोक यायचे. वर्षभराने निवडणूक लागली आणि आमच्यातल्याच एकाच्या पत्रकावर आमचा सगळ्यांचा फोटो आला, 'माझे सहकारी' म्हणून. कुणी विचारलंही नव्हतं. पुढच्या रविवारी पाच जण आले. सतरंजी अजून माझ्याकडे आहे.

धागाकर्ती

@नाव नको, सतरंजी टाकून देऊ नका.

फाटक्या बुटांचा कुणी टेकडीवाला नाही का इथे?

कॅनवाला

आहे. वेताळ टेकडी, पाच लिटरचा कॅन, एका हातात एक. मार्च ते मे. रोपं आमच्यापेक्षा जास्त आहेत, म्हणून वाटून घेतली आहेत. माझी नऊ, त्यातली सहा जिवंत. कुणी बोलावलं नव्हतं. पुढे चालणाऱ्या आजींच्या हातातला कॅन घेतला आणि त्या म्हणाल्या, "उद्याही घे."

धागाकर्ती

रविवारी आले तर मला कॅन मिळेल?

कॅनवाला

रिकामे पायथ्याशी असतात, पाणी भरून घ्या. सहाला या. साडेसात झाले की चढावर ऊन येतं.