विषय: टीव्हीचं चित्र रात्री काळवंडतं

नमस्कार मंडळी,
आमचा टीव्ही हल्ली स्वतःच्या मर्जीने वागतोय. दिवसा मॅच लावली की झकास, पण रात्री दिवे मालवून सिरीज लावली की चित्र हळूहळू काळवंडत जातं, कोण बोलतंय ते आवाजावरून ओळखायचं. ब्राइटनेस पार टोकाला नेला तर काळं होतं ते राखाडी झालं, सगळ्यावर धुकं आलं, उजेड मात्र जिथल्या तिथे. मुलगा म्हणतो पॅनल गेलं, नवा घ्या. खरंच गेलं असेल का? कुणाला ठाऊक असेल तर कळवा.

———

काका, एवढ्यात नवाबिवा काही घेऊ नका. दिवसा छान आणि दिवे मालवले की अंधार, म्हणजे पहिला संशय लाइट सेन्सरवर. तो बहुतेक खालच्या पट्टीत असतो, खोलीत काळोख झाला की टीव्ही आपणहून बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, उतरवतो. सेटिंग्जमध्ये पॉवर सेव्हिंग, इको, अँबियंट लाइट असं काहीतरी नाव असेल आणि बऱ्याच टीव्हीत ते पिक्चरच्या मेनूत नसतंच, जनरलमध्ये कुठेतरी दडवलेलं असतं, का ते कंपन्यांनाच माहीत. अंधारात सिरीज चालू असताना त्या पट्टीवर मोबाइलचा टॉर्च मारून बघा, चित्र उजळलं की चोर सापडला.

आणि ब्राइटनेस आधी होता तिथे आणून ठेवा. बऱ्याच टीव्हीत ब्राइटनेस म्हणजे काळा रंग किती काळा दिसावा ते, उजेड वाढतो बॅकलाइटने. सोनीच्या गेल्या काही वर्षांतल्या टीव्हीत मात्र ब्राइटनेस म्हणजेच बॅकलाइट आणि काळ्यासाठी ब्लॅक लेव्हल वेगळं, त्यामुळे एकाचं ऐकून दुसऱ्याने फिरवलं की घोळ झालाच म्हणून समजा.

———

सेन्सरचं पटलं, पण दादा, एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारं चित्र) राहिलं की! काका, सिरीज सुरू होताना कोपऱ्यात एचडीआर किंवा त्याचाच एक प्रकार डॉल्बी व्हिजन असं येतं का बघा. येत असेल तर टीव्ही त्या वेळी वेगळाच पिक्चर मोड वापरतो, मॅच बघताना केलेली सेटिंग्ज तिथे लागतीलच असं नाही, म्हणून सिरीज चालू ठेवूनच मेनू उघडायचा आणि मग काय ते बदलायचं. साधं चित्र १०० निट्स (उजेडाचं माप) धरून बनवतात, एचडीआर बऱ्याचदा १००० किंवा त्याच्याही वर, आणि मधल्या दर्जाच्या टीव्हीची धाव ३००-४०० च्या आसपास, मग वरचा सगळा उजेड खाली दाबून बसवताना अंधारातले सीन आणखीच बुडतात. डायनॅमिक टोन मॅपिंग (सीन बघून उजेड जुळवून घेणारी सोय) असेल तर चालू करा, डॉल्बी व्हिजनमध्ये डार्क आणि ब्राइट असे दोन मोड असतील तर ब्राइट घ्या. व्हिव्हिड मोड नको हं, माणसं निळसर दिसतात.

———

मंडळी, टॉर्च मारला आणि चित्र लख्ख! सेन्सर बंद केला, अर्धं काम तिथेच झालं. डॉल्बी व्हिजन डार्कवर होतं ते ब्राइट केलं, आता चेहरे दिसतायत. मुलाला कळवलंय. त्याचं म्हणणं, तरी नवा घ्या.

———

मी मधेच घुसते. आमचा ओलेड आहे, सेन्सर, इको सगळं बंद, तरी एकच सीन बराच वेळ चालला की हळूहळू मंद होतो आणि सीन बदलला की टक्कन उजळतो. हे काय नवीन?

———

ताई, ते मुद्दाम केलेलं आहे. ओलेडमध्ये बॅकलाइट नसतो, प्रत्येक पिक्सेल स्वतःच जळतो, चित्र फारसं हललं नाही की टीव्हीला वाटतं पडद्यावर त्याचा कायमचा ठसा उमटेल म्हणून तो उजेड कमी करतो. नेहमीच्या मेनूत हे बंद करायची सोय नसते, मेकॅनिकसाठीच्या सर्व्हिस मेनूत जाऊन करणारे आहेत पण पॅनलचा जीव जातो तो आपला, मी तरी करणार नाही.

आणि काकांसारखी तक्रार असलेल्या बाकीच्यांसाठी, टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडून बघा. मेनू पांढराशुभ्र आणि फक्त सिरीज काळी असेल तर दोष त्या सिरीजचा किंवा एचडीआरचा. मेनूही मळकट असेल तर इको नाहीतर बॅकलाइट. एलईडी टीव्हीत आवाज येतोय, पडदा पूर्ण काळा, पण टॉर्च तिरका धरला की चित्र पुसटसं दिसतं, असं झालं तर मात्र बॅकलाइटच्या पट्ट्या किंवा त्यांना वीज देणारा बोर्ड गेलाय, तिथे सेटिंग्जशी खेळत बसू नका, मेकॅनिकला बोलवा.