मदत हवी आहे: नोवगोरोदचं 'केले' आणि आजच्या रशियनमधलं 'रुके'

नमस्कार मंडळी, दोन वर्षं रशियन शिकतेय आणि एका जागी पार अडकलेय, जाणकारांनी प्लीज हात द्या.

रशियाच्या वायव्येकडच्या नोवगोरोद या जुन्या शहरात १९५१ साली खोदकामात पहिलं भूर्जपत्र सापडलं (आपलं भूर्ज आणि रशियन बेर्योज़ा मुळात एकच शब्द!), आता हजाराच्या वर झालीत, आणि त्या पोथ्याबिथ्या नाहीत, उधारी, भांडणं, घरचे निरोप असं रोजचं सगळं सालीवर कोरलेलं. त्यातलं २४७ नंबरचं पत्र ११व्या शतकातलं, घरफोडीच्या आरोपाबद्दल, त्यात येतं 'ज़ामके केले, द्वेरी केले'. आधी लोकांनी अर्थ लावला मठातल्या खोलीचं कुलूप, खोलीची दारं. मग रशियन भाषाशास्त्रज्ञ ज़ालिज़्न्याक यांनी दाखवलं की हे 'केले' म्हणजे बाकी स्लाव्हिक (रशियन, पोलिश, चेक वगैरे) भाषांतलं 'त्सेल', म्हणजे शाबूत. कुलूप शाबूत, दारं शाबूत, मग चोरी झालीच कुठे! हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला माझ्या.

म्हणजे बाकी सगळीकडे ठरावीक ए-ईच्या आधी क चा त्स झाला, आपल्या 'चाक'मधल्या च सारखा, आणि नोवगोरोद व शेजारच्या प्स्कोव्हकडे क तसाच राहिला. स्वरामुळे व्यंजन सरकणं आपल्याला नवीन नाही, 'माझा' म्हणताना जीभ दातांकडे आणि 'माझी' म्हणताना टाळूकडे जाते, सावकाश म्हणून बघा.

आता माझी अडचण. 'हातात' म्हणायला युक्रेनियनमध्ये रुत्सी, चेकमध्ये रुत्से, पोलिशमध्ये रेंत्से, आणि रशियनमध्ये मात्र रुके. हा क नोवगोरोदकडून आला, की रुका (हात), रुकू (हाताला) अशा त्याच शब्दाच्या बाकी रूपांकडे बघून नंतर सरळ करून घेतला? मला दुसरं पटतं, कारण स्लोव्हाकमध्येही रुके आहे आणि तिथे नोवगोरोदचा काय संबंध, पण आमचे सर पहिलं सांगतात आणि मला नीट मुद्दा मांडता येत नाही.

आणि दुसरं, हे उत्तरेचे स्लाव्ह लोक बदल व्हायच्या आधीच तिकडे जाऊन वेगळे पडले होते, की बदल दक्षिणेकडून पसरत आला आणि तिथवर पोचलाच नाही? यावर काही वाचलं असेल तर सांगा, रशियन मजकूर असला तरी चालेल, डिक्शनरी घेऊन बसेन.