मदत हवी आहे : जुन्या स्पिंडल मोल्डरवर पट्टी मागे फेकली जाते; वेग, बुश आणि फेन्स यांबद्दल मार्गदर्शन हवे

नमस्कार. कुडाळ तालुक्यात आमचा दारे, चौकटी आणि खिडक्या तयार करण्याचा छोटा कारखाना आहे. गोला-गलत्याचे, म्हणजे कडांवरच्या नक्षीचे, काम वडिलांच्या काळात हातरंद्याने होत असे, पुढे आम्ही ते हातातल्या राउटरवर करू लागलो. गेल्या महिन्यात एका बंद पडलेल्या कारखान्याच्या सामानातून मी उभ्या दांड्याचे मोल्डर (उभ्या फिरत्या दांड्यावरच्या पात्यांनी लाकडाच्या कडेला नक्षी काढणारे यंत्र), म्हणजे ज्याला आपण सगळे नुसते ‘स्पिंडल’ म्हणतो ते, विकत घेतले. यंत्राबरोबर माहितीपुस्तिका मिळाली नाही आणि ते पूर्वी चालवणारा माणूसही आता तिथे नाही. त्यामुळे जे काही केले ते अंदाजाने केले, आणि परवा तो अंदाज आमच्या अंगाशी येता येता राहिला.

मोटरच्या पाटीवर ५ अश्वशक्ती, थ्री फेज आणि २८८० फेरे एवढे वाचता येते. स्पिंडलच्या, म्हणजे त्या दांड्याच्या, वेगाची पाटी मात्र जागेवर नाही. मोटरवर ६ आणि ५ इंचांची, तर स्पिंडलवर ३ आणि ४ इंचांची अशी दोन पायऱ्यांची पुली आहे. म्हणजे माझ्या हिशेबाने स्पिंडल मिनिटाला ५७६० किंवा ३६०० फेरे घेतो. नवे यंत्र म्हणून भीती वाटल्याने मी बेल्ट कमी वेगावर ठेवला होता. स्पिंडल १ इंचाचा आहे. मी घेतलेला १०० मिमी व्यासाचा ब्लॉक (पाती धरणारे गोल डोके) ३० मिमी भोकाचा असल्यामुळे मधले अंतर भरून काढण्यासाठी गावातल्या लेथवाल्याकडून लोखंडी बुश (नळीसारखे कडे) करून घेतला. ब्लॉकवर कमाल ९५०० फेरे असे कोरलेले असून शेजारी ‘मॅन’ अशी खूण आहे. हव्या त्या नक्षीची पाती तयार मिळाली नाहीत, म्हणून कोऱ्या पात्यांची जोडी धार लावणाऱ्याकडून घासून घेतली. पात्यांसोबत प्रत्येकी एक बोथट जोडपाते येते, ते घासण्याचे पैसे वेगळे सांगितल्यामुळे मी ते बसवलेच नाही.

परवा काचेच्या बीडिंगसाठी १२ बाय २० मिमीच्या, दीड-दोन फुटी सागवानी पट्ट्या आधी करवतीवर कापून घेतल्या आणि एकेक करून फेन्सला (लाकूड टेकवून सरकवण्याच्या उभ्या आधाराला) लावून सरकवायला सुरुवात केली. तिसऱ्या पट्टीचे पुढचे टोक फेन्सच्या दोन भागांमधल्या फटीत किंचित आत गेले, ठाप असा आवाज झाला आणि पट्टी माझ्या हातातून सुटून मागच्या पत्र्याच्या दाराला खळगा पाडून खाली पडली. मागे उभा राहून पट्ट्या देणारा आमचा मदतनीस मुलगा त्या क्षणी माठाकडे पाणी प्यायला गेला होता.

त्यानंतर, काम करायचे नाही अशा ठरावाने, मी बेल्ट वरच्या वेगावर टाकून यंत्र नुसते रिकामे चालवून पाहिले. तेव्हा दुसराच प्रकार दिसला. ट्यूबलाइटच्या उजेडात ब्लॉक उलट्या दिशेने, अगदी सावकाश, सेकंदाला एखादी गिरकी घेतल्यासारखा फिरताना दिसत होता. मुलाला वाटले की यंत्र बंद होत आले आहे, आणि तो वरचा भुसा झटकायला हात पुढे करू लागला. मी त्याचा हात धरून मागे ओढला.

माझ्या शंका अशा आहेत. स्पिंडल खरोखरच उलटा फिरत असेल का? कमी वेग अधिक सुरक्षित, हा माझा समज बरोबर आहे का? लेथवर केलेला बुश चालेल का, आणि बारीक पट्ट्या या यंत्रावर काढणे मुळात योग्य आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. तूर्त मी यंत्राचा बेल्ट काढून ठेवला आहे.

जुना निदेशक :

बेल्ट काढलात हे फार बरे केलेत. मी अनेक वर्षे आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवले आहे, आणि आपल्या धंद्यातील सगळ्या यंत्रांमध्ये मला सर्वांत जास्त धाक याच यंत्राचा वाटत आला आहे, कारण करवतीसारखे याचे पाते समोर दिसत नाही.

आधी उलट्या गिरकीविषयी. जुन्या चोकची ट्यूब ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. पाटीवरचे २८८० फेरे हे मोटर पूर्ण भाराखाली असतानाचे असतात. रिकामी मोटर ३००० च्या अगदी जवळ फिरते. दुप्पट पुलीमुळे आपला स्पिंडल मिनिटाला सहा हजारांच्या किंचित खाली, म्हणजे सेकंदाला ९९ च्या आसपास फेरे घेतो. प्रत्येक उजेडाला ब्लॉक पूर्ण फेऱ्याच्या थोडा अलीकडे सापडतो, त्यामुळे डोळ्याला तो हळूहळू मागे सरकल्यासारखा दिसतो. वेग बरोबर ६००० असता तर तो चक्क थांबलेला दिसला असता. त्या यंत्रावरची ट्यूब आजच उतरवा आणि तिथे न लुकलुकणारा चांगला एलईडी दिवा लावा. ट्यूबच ठेवायच्या असतील तर तीन ट्यूब तीन वेगवेगळ्या फेजवर घ्या.

तरीही दिशा एकदा तपासाच. ब्लॉक काढून घ्या, स्पिंडलच्या टोकावर खडूने बाण काढा, खटका क्षणभर दाबून सोडा आणि थांबताना बाण कुणीकडे जातो ते पाहा. लाकूड उजवीकडून डावीकडे सरकवायचे असेल, तर वरून पाहताना स्पिंडल घड्याळाच्या उलट दिशेने फिरला पाहिजे, म्हणजे पाते लाकडाच्या समोरून येते. पावसाळ्यात खांबावर लाइनची दुरुस्ती झाली किंवा स्टार्टर बदलला की दोन फेज अदलाबदल होऊन मोटर उलटी फिरू शकते, म्हणून अशा प्रत्येक दुरुस्तीनंतर ही तपासणी पुन्हा करायची. उलट फिरणारे पाते पट्टीला आपल्यासोबत ओढून नेते, आणि पाठोपाठ धरलेला हातही जातो.

आता बुश. १ इंच म्हणजे २५.४ मिमी, तेव्हा आपल्या बुशाची भिंत २.३ मिमीची आहे. एवढ्या पातळ बुशाचे आतले आणि बाहेरचे वर्तुळ एककेंद्री निघणे हे साध्या लेथवर नशिबाचे काम असते. ३० मिमीच्या भोकाला चांगल्या कारखान्यात जेमतेम ०.०२ मिमीची सूट देतात. डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारे मापक) लावून ब्लॉक हाताने फिरवा, काटा ०.०२ च्या पलीकडे हलत असेल तर बुश बाद समजा. बऱ्याच यंत्रांचा वरचा दांडा निमुळत्या बैठकीतून निघतो आणि त्या जागी ३० मिमीचा दांडा बसवता येतो. तशी सोय असेल तर तोच मार्ग धरा.

घासून घेतलेल्या पात्यांची जोडी सोनाराच्या काट्यावर तोलून पाहा. हे मी गमतीने लिहीत नाही. पात्यांच्या वजनात १ ग्रॅमचा फरक असला, तर ४५ मिमी त्रिज्येवर आणि ६००० फेऱ्यांना तो फरक पावणेदोन किलोंच्या वजनाइतक्या जोराने बेअरिंगला सगळ्या बाजूंनी ओढतो, तोही सेकंदाला शंभर वेळा.

वेगाबद्दलचा आपला समज मात्र अर्धाच खरा आहे. फेऱ्यांपेक्षा पात्याच्या टोकाचा वेग महत्त्वाचा. व्यास मीटरमध्ये घेऊन त्याला ३.१४ ने आणि सेकंदाच्या फेऱ्यांनी गुणले की तो मिळतो. आपल्या १०० मिमीच्या ब्लॉकला ३६०० फेऱ्यांवर तो सेकंदाला १९ मीटरही भरत नाही, ५७६० वर ३० मीटर भरतो. हाताने सरकवण्याच्या कामाला ४० ते ७० मीटर हा पट्टा धरतात. त्याखाली पाते कापण्याऐवजी लाकडाला हिसका देते. भीतीपोटी कमी केलेल्या वेगानेच आपल्या पट्टीला मागे फेकण्यास मदत केली. मात्र वेगाची पाटी नसलेल्या जुन्या यंत्राच्या पुल्या बदलून फेरे वाढवण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण आतली बेअरिंग किती फेऱ्यांची आहेत हे कोणालाच ठाऊक नाही. त्यापेक्षा टेबलाच्या भोकात मावत असेल तर १४० मिमीचा ब्लॉक घ्या. ५७६० फेऱ्यांवर तो ४२ मीटर देईल. घेताना त्यावर कोरलेले कमाल फेरे पाहून घ्या.

लेस्टरचा सुतार :

निदेशक सरांनी बहुतेक सांगितले आहेच. मी मूळचा साताऱ्याचा, सध्या इंग्लंडमध्ये जॉइनरीच्या कामावर आहे. ज्या बोथट जोडपात्याचे पैसे तुम्ही वाचवलेत, त्याच्याविषयी तेवढे लिहितो.

त्याला लिमिटर म्हणतात. कापणाऱ्या पात्याच्या तो जरा मागे असतो, आणि पाते त्याच्यापुढे १.१ मिमीपेक्षा जास्त येता कामा नये अशी त्याची घासाई असते. लाकूड अचानक आत ओढले गेले तरी पात्याला एका वेळी तेवढाच घास मिळतो. त्यामुळे लाकूड मागे फेकले जाण्याचा जोर खूप कमी होतो आणि, वाईट प्रसंगी, बोटाची इजाही उथळ राहते. इथे हाताने सरकवण्याच्या मोल्डरवर लिमिटर नसलेले हत्यार वापरण्यास २००३ च्या डिसेंबरपासून मनाई आहे. तुमच्या ब्लॉकवरची ‘मॅन’ (हाताने सरकवण्याच्या कामाला चालेल) ही खूण लिमिटर बसवलेला असेल तरच खरी. लिमिटर काढलात की ती खूण पुसल्यासारखीच आहे. पात्याची नक्षी बदलली की लिमिटरही त्याच नक्षीचा घासावा लागतो, हे धार लावणाऱ्याला स्पष्ट सांगा.

दुसरी गोष्ट ब्रेकची. खटका बंद केल्यावर स्पिंडल १० सेकंदांच्या आत थांबला पाहिजे, असा आमच्याकडे दंडक आहे. जुने यंत्र दोन-दोन मिनिटे फिरत राहते, आणि त्या मुलाने हात पुढे केला तो अशाच वेळेच्या समजुतीने. मोटरला विजेचा ब्रेक बसवून मिळतो, तेवढा खर्च करा.

तिसरी गोष्ट फटीची. फेन्सचे दोन्ही भाग पात्याच्या शक्य तितके जवळ आणा. मग १२ मिमीच्या प्लायची एक सलग फळी दोन्ही भागांवर पक्की आवळा, यंत्र चालू करा आणि फेन्स अगदी हळूहळू मागे सरकवत नेऊन पात्यालाच त्या फळीत आपल्या आकाराचे भोक पाडू द्या. मग पट्टीच्या टोकाला शिरायला जागाच उरत नाही. लाकडाची संपूर्ण कड कापली जात असेल तर बाहेर पडण्याच्या बाजूची फेन्स कापलेल्या जाडीएवढी पुढे घ्यावी लागते. बीडिंगमध्ये थोडी कड शाबूत राहते, म्हणून दोन्ही बाजू एका रेषेत असल्या तरी चालते.

आणि बारीक पट्टी कधीही आधी कापून घेऊ नका. पाच-सहा इंच रुंद, लांब फळी घ्या, तिच्या कडेला नक्षी काढा, मग करवतीवर ती कड पट्टी म्हणून वेगळी करा, फळीची कड रंदून सरळ करा आणि पुन्हा नक्षी काढा. हात नेहमी पात्यापासून वीतभर लांब राहतो. वरून आणि बाजूने दाब देणारे गार्ड नसतील, तर फणीसारखे चिरे पाडलेल्या दोन फळ्या आवळल्या तरी चालतात. त्यांच्या फण्या लाकूड जाण्याच्या दिशेला झुकलेल्या हव्यात. शेवटचे टोक ढकलकाठीनेच पुढे न्यावे.

धागाकर्ता :

दोघांचेही मनापासून आभार. सोनाराकडे जाऊन आलो. दोन पात्यांत १.४ ग्रॅमचा फरक निघाला आणि सोनार बराच वेळ हसत होता. डायल गेजवर बुशाचा काटा ०.०९ पर्यंत हलला, तेव्हा त्याचा विषय तिथेच संपला. खडूच्या बाणावरून दिशा मात्र बरोबर असल्याचे दिसले. वरचा दांडा एका मोठ्या नटावर सुटतो, त्यामुळे ३० मिमीच्या दांड्यासाठी माप देऊन ठेवले आहे. टेबलाचे भोक १६० मिमीचे असल्याने १४० चा ब्लॉक मावेल.

आणखी एक विचारतो. आमच्याकडे सागवानाबरोबर फणसाचेही बरेच काम असते आणि फणसाचा रेषा (तंतूंची दिशा) जागोजागी फिरलेला असतो. नक्षी एकाच फेरीत काढावी की दोन?

जुना निदेशक :

फणसाला दोन फेऱ्याच घ्याव्यात, गाठ असल्यास तीन. फेन्स जागची हलवू नका, कारण पुन्हा नेमकी तिथे आणणे जिकिरीचे असते. फेन्सला ४ मिमीची प्लायची पट्टी चिकटपट्टीने लावून पहिली फेरी घ्या आणि ती काढून दुसरी घ्या. रेषा उलटा जाणारे तुकडे आधीच वेगळे करून त्यांची दुसरी कड वापरा. सागवानात वाळूचा अंश असतो आणि तो साध्या स्टीलच्या पात्याची धार लवकर खातो, तेव्हा सागाचे काम जास्त असेल तर कार्बाइडची पाती परवडतात. दोन्हींचा भुसा बारीक असतो. सागाच्या भुशाने खाज सुटते, आणि लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने १९९५ मध्येच जाहीर केले आहे, म्हणून भुसा ओढणारा पंखा आणि तोंडावर चांगला मास्क हवाच. हातमोजे मात्र घालू नका, ते पात्यात अडकून हात ओढतात. मुलाच्या मनगटात दोरा किंवा गंडा असेल तर कामापुरता तो खिशात ठेवायला सांगा.

धागाकर्ता :

दोरा आहे, वाडीच्या जत्रेतला. त्याने तो यंत्राशेजारच्या खिळ्याला टांगून ठेवायचे कबूल केले आहे. मागच्या बाजूला जमिनीवर पिवळ्या रंगाचा पट्टा मारला असून यंत्र चालू असताना त्या पट्ट्यात कोणीही उभे राहायचे नाही असे ठरवले आहे. पत्र्याचा खळगा मुद्दाम तसाच ठेवला आहे. एलईडी दिवा लागला, लिमिटर घासायला दिले. दांडा यायला पंधरा दिवस लागतील असे म्हणतात, तोवर बीडिंग राउटरवरच करतो आणि दांडा बसल्यावर डायल गेजचे आकडे इथे लिहितो.